पवनारचा किल्ला कोणी बांधला?

वर्धा शहरातून नागपूरच्या वाटेला लागले की अवघ्या आठ किलोमीटरवर धाम नदी लागते. पात्रात काळे खडक पसरलेले आहेत आणि काठावर विनोबाजींचा परंधाम आश्रम आहे. १९४८ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या अस्थी याच पात्रात विसर्जित झाल्या. त्यामुळे येथे येणारा पाहुणा आश्रम पाहतो, नदीकाठी क्षणभर उभा राहतो आणि सेवाग्रामकडे वळतो. आम्हीही पहिल्या खेपेस तसेच केले. नदीच्या वळणावर दिसणाऱ्या टेकाडावर एकेकाळी बळकट किल्ला होता, त्यात सरकारचे ठाणे होते आणि त्याचा कर्ता कोण यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे, हे आम्हांस पुढे पुस्तकांतून कळले. मग दुसऱ्यांदा गेलो ते केवळ टेकाडासाठी.

किल्ला म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. आपण वसईकर असू तर समुद्र आणि बुरूज. विदर्भाच्या सपाटीवर यांपैकी काहीच नाही. तेथे किल्ला म्हणजे काळ्या शेतांच्या मधोमध उठलेला पांढऱ्या मातीचा उंचवटा, त्याच्या कडेने ढासळलेला तट, कोठे एखादा दरवाजा. ज्याला ठाऊक नाही तो त्याच्यावरून चालत जाईल आणि त्याला कळणारही नाही. पवनारला नेमके असेच आहे. नदीने टेकाडाला वेढा घातला आहे म्हणून जागेचे बळ ध्यानात येते. भिंतींकडे पाहून ते येत नाही.

टेकाडाच्या पायथ्याशी भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले, हा किल्ला कोणाचा? त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "पवन राजाचा. राजा पैशे नाही घेये जी, फाय घेये." या भागाच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, हे ध्यानात यायला आम्हांस थोडा वेळ लागला. फाय म्हणजे नांगराचा फाळ. पवन राजाकडे परीस होता. शेतकऱ्यांनी सारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ आणून द्यायचे, राजाने त्यांना परीस लावायचा आणि खजिना भरायचा, अशी ही कथा. जुन्या गॅझेटिअरांतही ती आली आहे; भंडारा जिल्ह्यातील पवनी आणि वर्धा नदीवरील पोहणा ही गावेही याच राजाच्या नावावर लोक सांगतात.

अशा कथा ऐकून हसणे सोपे आहे. परंतु एवढे मात्र खरे की पैशाने सारा भरावा लागणाऱ्या कुणब्याने रचलेली ही कथा आहे. लोखंडावर भागवून घेणारा राजा त्याला देवासारखा वाटावा, यात नवल ते काय? शिवाय विदर्भात लोखंड फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली असून ती ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील आहे. अर्थात यावरून पवन राजा खरा ठरत नाही. त्या नावाच्या राजाचा एकही शिलालेख वा ताम्रपट प्रसिद्ध नाही. गावाच्या नावावरून राजा निघाला असावा, राजाच्या नावावरून गाव नव्हे. वर्धा जिल्ह्याला याची सवयच आहे. केळझरचे लोक आपल्या गावाला महाभारतातील एकचक्रानगरी म्हणतात.

नावावरून राजा शोधण्याचा मोह मात्र केवळ खेडुतांनाच होतो असे नाही. विद्वानांनाही तो होतो, आणि पवनारच्या बाबतीत तो महाराष्ट्रातील एका अतिशय थोर विद्वानाला झाला.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे वाकाटकांवरील कार्य सर्वश्रुत आहे. त्यांचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' हे मराठी पुस्तक १९५७ साली निघाले, आणि वाकाटकांच्या लेखांचा त्यांनी सिद्ध केलेला इंग्रजी संग्रह १९६३ साली. इ. स. च्या तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत विदर्भावर राज्य केलेल्या या घराण्याची एक शाखा वत्सगुल्मास, म्हणजे आजच्या वाशिमला होती. दुसरी रामटेकजवळच्या नंदिवर्धनला. या दुसऱ्या शाखेतील रुद्रसेनाचा विवाह गुप्त सम्राट चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाला. रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान, म्हणून प्रभावतीने राज्यकारभार हाती घेतला. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन पुढे गादीवर आला. महाराष्ट्री प्राकृतातील 'सेतुबंध' हे काव्य त्याच्या नावावर आहे.

प्रवरसेनाचे ताम्रपट बरेच मिळाले आहेत आणि त्यांतील काही खुद्द वर्धा जिल्ह्यातले आहेत. हिंगणघाट तालुक्यातील जांब येथे सापडलेला ताम्रपट त्याच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षाचा, आर्वी तालुक्यातील बेलोऱ्याचा अकराव्या वर्षाचा. दोन्ही नंदिवर्धनाहून दिलेले. प्रभावतीच्या पुणे ताम्रपटात दान दिलेले दंगुण हे गाव म्हणजे आजचे हिंगणघाट, असेही मिराशींनी ठरविले. म्हणजे धाम आणि वणा या नद्यांच्या खोऱ्यांतील जमिनी वाकाटकांच्या हातच्या होत्या, यात शंका नाही. परंतु अठराव्या वर्षाचा चम्मकचा ताम्रपट पाहावा तो नंदिवर्धनाहून निघालेला नाही. तो प्रवरपुराहून निघाला आहे. राजाने मधल्या सात वर्षांत आपल्या नावाची नवी राजधानी वसविली होती. ती कोठे?

मिराशींचे उत्तर होते, पवनार. प्रवरपूर या शब्दाशी पवनारचे साम्य त्यांना दिसलेच. पण त्यांचा आधार तेवढाच नव्हता. १९३८ मध्ये विनोबाजी प्रकृती सुधारावी म्हणून पवनारला येऊन राहिले. आश्रमाच्या आवारात खोदकाम करताना प्राचीन शिल्पे निघू लागली. त्यांतील एक शिल्प राम व भरत यांच्या भेटीचे आहे, असे विनोबाजींनी ओळखले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना त्यांनी याच भेटीचे चित्र श्रोत्यांपुढे उभे केले होते, त्यामुळे ते शिल्प त्यांना ईश्वरी देणगी वाटले आणि त्यांनी त्याची स्थापना केली. अशी आणखीही शिल्पपट्टे मिळाले, गंगेची एक सुंदर मूर्तीही मिळाली. घडण निःसंशय वाकाटक काळाची. मिराशींनी पट्ट्यांतील प्रसंग रामायणातील म्हणून लावले. 'सेतुबंध' रचणारा राजा, रामकथेची शिल्पे आणि जवळजवळ त्याच्याच नावाचे गाव: तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. येथे प्रवरसेनाने रामचंद्राचे मंदिर बांधले व भोवती राजधानी वसविली, असे त्यांनी लिहिले. वर्षानुवर्षे ते पाठ्यपुस्तकांतून आणि प्रवासवर्णनांतून चालत आले. पवनारचा किल्ला म्हणजे वाकाटकांच्या राजवाड्याचे अवशेष, असे सांगणारे आजही भेटतात.

आम्ही त्या व्यासंगापुढे नम्र आहोत. तरी एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. 'पुर' या शब्दाची झीज होऊन 'नार' कसा होईल? जीर्णनगराचे जुन्नर झाले, तेथे 'नगर' होते. पवनारमधला 'नार' हाही 'नगर'च असावा असे आम्हांस वाटते. मग मूळ नाव प्रवरनगर असू शकेल, किंवा दुसरेच काही. ताम्रपटांत मात्र स्पष्ट प्रवरपूर आहे.

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी टेकाडावर उत्खनन केले. या उत्खननाने राजवाडा दिला नाही. पण आमच्या मते त्याहून मोलाची गोष्ट दिली. टेकाडाच्या पोटात वस्तीचे थर एकावर एक आढळले. सर्वांत खाली सातवाहनांच्याही आधीच्या लोकांची वस्ती, त्यावर सातवाहनांचा काळ, त्यावर वाकाटक व विष्णुकुंडिन यांचा, मग मध्ययुगाचा, आणि अगदी वर मुसलमानी व मराठा अमलाचा. म्हणजे प्रवरसेनाने येथे काही बांधले असेलच, तर ते कोऱ्या जागेवर बांधले नाही. तो आला तेव्हाही ही जागा जुनी होती. त्याच्या आधी कित्येक पिढ्यांनी या वळणावर चुली मांडल्या होत्या.

आपल्या खेड्यांत गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात. पांढरी पांढरी का? घरे पडतात, मातीच्या भिंती विरघळतात, राख, शेण, खापरे त्यांत मिसळतात आणि त्या ढिगावरच नवे घर उभे राहते. शेकडो वर्षांनी तिचे टेकाड होते. पवनारचा किल्ला अशा पांढरीवर उभा आहे.

येथे इंग्लंडातील नॉर्मन किल्ल्यांची आठवण होते. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला. परक्या मुलखात सैन्य मूठभर, म्हणून त्याने व त्याच्या सरदारांनी जागोजागी मातीचे उंच ढीग रचून त्यांवर लाकडी मनोरे उभारले. दगडी किल्ले बहुधा मागाहून झाले. फ्रान्समधील बायो गावी त्या स्वारीचे चित्रण करणारी भरतकामाची लांबलचक पट्टी जपून ठेवली आहे; तीत हेस्टिंग्ज येथे मजूर फावड्यांनी असा ढीग रचताना दिसतात. तेथील टेकाड मुळातच किल्ल्यासाठी, आणि तेही हातघाईने, रचलेले. अशा पुष्कळ किल्ल्यांचा कर्ता सांगता येतो. विल्यमने १०८६ मध्ये साऱ्या राज्याची जमीनमोजणी करून नोंदवही करविली, तिच्यात काही किल्ल्यांचे उल्लेखही सापडतात. पवनारचे टेकाड कोणी रचले नाही. ते साचत गेले. किल्ला बांधणाऱ्याला ते आयते मिळाले.

तो बांधणारा कोण, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी प्रवरपुराचा निकाल लावला पाहिजे. तो अलीकडे पवनारच्या विरुद्ध लागत चालला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रामटेकजवळ मनसर येथे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी मोठे उत्खनन सुरू केले. हिडिंबा टेकडीवर विटांचे भव्य शिवमंदिर उघडे झाले, जवळच प्रासादासारखी विस्तीर्ण वास्तू निघाली, आणि प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्राही मिळाली. प्रवरसेनाच्या ताम्रपटांत प्रवरेश्वराच्या देवकुलाचा उल्लेख आहे. त्यावरून मनसर हेच प्रवरपूर, असे मत हॉलंडचे पंडित हान्स बाकर यांनी मांडले व ते बऱ्याच अभ्यासकांना पटले आहे. पुढे नगरधनला डेक्कन कॉलेज व राज्य पुरातत्त्व विभाग यांनी केलेल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेचे नाव कोरलेली मातीची मुद्रा सापडली, त्यामुळे नगरधन म्हणजे नंदिवर्धन हेही अधिक पक्के झाले. पवनारच्या शिल्पपट्ट्यांतील प्रसंगांविषयीसुद्धा आता एकमत उरलेले नाही. त्यांत रामकथेऐवजी कृष्णकथा पाहणारे अभ्यासक आहेत.

यावर एक शंका घेता येते, आणि आम्ही ती घेतो. नगरधनहून मनसर हाकेच्या अंतरावर म्हणावे असे आहे. इतक्या जवळ नवी राजधानी कशाला? पवनार तेथून रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर. राजधानी हलविली असे म्हणण्याला तेथे काही अर्थ तरी येतो. परंतु शंका ही पुरावा नव्हे. एका बाजूस नावाची मुद्रा, दुसऱ्या बाजूस नामसाम्य व शिल्पे, अशी तुलना केली तर आज मनसरचे पारडे जड आहे. मिराशींनी लिहिले तेव्हा मनसर अजून मातीखाली होते. त्या काळी हाती असलेल्या साधनांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अप्रामाणिक नव्हता, आणि वाकाटकांच्या अभ्यासाचा पायाही त्यांनीच घातला. चूक दाखवितानाही त्यांच्याच खांद्यावर उभे राहावे लागते.

पवनारच्या लोकांना हे रुचणार नाही. आम्ही त्या वृद्ध गृहस्थांजवळ विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "राजधानी मनसरले नेली, तं मूर्त्या कायले ठेवल्या अथी?" प्रश्न चोख आहे. राजधानी नसली तरी इतक्या उंचीची शिल्पे ज्या मंदिरात लागली ते स्थान सामान्य खेडे खचित नव्हते. प्रवरपूर हे नाव गेले म्हणून आश्रमाच्या भिंतीतील एकही दगड कमी होत नाही.

आता किल्ला. त्याचा आम्हांस ठाऊक असलेला जुना आणि स्पष्ट उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. १५९६ मध्ये चांदबीबीने वऱ्हाड मोगलांच्या हवाली केला, आणि अकबराच्या राज्याची माहिती देणाऱ्या या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याची सोळा सरकारे नोंदली गेली. त्यांतले एक पवनार. गाविलगड, नरनाळा, खेरला या नामांकित दुर्गांच्या पंगतीत अबुल फजल याही किल्ल्याला बसवितो: उंचवट्यावरचा बळकट किल्ला, दोन प्रवाहांनी तीन बाजूंनी वेढलेला. फारशी लिपीत आपल्या गावांची नावे झिजून येतात, येथेही 'पनार' असे काहीसे झाले आहे. परंतु धामच्या वळणावर उभे राहून ते वाक्य वाचावे, म्हणजे शंका उरत नाही.

या एका ओळीतून बरेच निष्पन्न होते. मोगलांचा अंमल नुकताच बसत असताना किल्ला आधीच बळकट होता. तेव्हा तो मोगलांनी बांधलेला नाही. वऱ्हाडात त्याआधी १५७४ पर्यंत इमादशाही होती, मग अहमदनगरची निजामशाही, आणि इमादशाहीच्याही पूर्वी बहमनी. या सत्तांच्या दृष्टीने पवनार म्हणजे पूर्वेची कड. पलीकडे देवगड आणि चांदा यांचा गोंड मुलूख. कडेला ठाणे हवे, साऱ्याचा पैसा सुरक्षित ठेवायला तट हवा, आणि पाणी बारमाही हवे. नदीने तीन बाजू राखलेली आयती पांढरी समोर असताना दुसरी जागा कोण शोधील? म्हणून ज्या किल्ल्याचे वर्णन अबुल फजल करतो, तो पंधराव्या किंवा सोळाव्या शतकात बहमनी वा इमादशाही अंमलदारांच्या हातून उभा राहिला असावा, असा आमचा कल आहे. तत्पूर्वी तेथे मातीचा वा विटांचा तट नसेलच असे नाही. इतक्या जुन्या वस्तीला काही ना काही कुंपण असणारच. पण तो तट आणि हा किल्ला एक नव्हेत.

वसईकरांना हा प्रकार नवा वाटू नये. आपल्या किल्ल्याला आपण पोर्तुगीजांचा म्हणतो आणि ते चूकही नाही. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली व १५३६ पासून त्यांनी बांधकाम काढले. पण त्याआधी गुजरातच्या सुलतानाच्या अंमलदाराने तेथे तटबंदी केली होती आणि नुनो द कुन्याने ती पाडली होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर मराठ्यांनीही त्यात भर घातली. फरक एवढाच की वसईची कागदपत्रे लिस्बनला आणि गोव्याला जपून राहिली. पवनारच्या ठाणेदाराचे दप्तर कोणी जपले नाही, म्हणून तेथे परीस आला.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. भोसल्यांच्या काळात नागपूर वाढले, तसे पवनार मागे पडले. १८६२ मध्ये इंग्रजांनी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळ कवठ्याला होते, ते १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी नव्याने वसविलेल्या वर्धा शहरात आले. पुढच्याच वर्षी लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. ज्या पवनारच्या नावाने अकबराच्या दप्तरात एक सरकार होते, ते नव्या शहराच्या शेजारचे खेडे झाले. पडक्या तटाचा दगड आणि विटा हाताशी असल्यावर लोक घराला लावणारच, सर्वत्र लावतात. पांढरीची मातीही खत म्हणून शेतात जाते, आणि तिच्याबरोबर खापरे व नाणीही.

परतताना त्या गृहस्थांनी आम्हांस टेकाडाच्या कडेला नेले. पावसाने माती घसरून तेथे एक उभी कड तयार झाली होती. तीत राखेचे, जळक्या मातीचे आणि खापरांचे पट्टे एकाखाली एक दिसत होते, अगदी तळाशी हाताच्या तळव्याएवढा खापराचा तुकडा, आतून काळा आणि बाहेरून तांबडा. तो काढून घेण्याचा मोह आम्हांस झाला. त्यांनी मान हलविली, आणि आम्ही तो होता तेथेच राहू दिला.